सरासरी अणुवस्तुमान चुकतंय? आधी चुकलेला आकडा वाचा

अकरावी सुरू झाली की रसायनशास्त्राच्या वहीत एक गणित हमखास लाल होतं. समस्थानिकांची (म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या, पण न्यूट्रॉन कमी-जास्त असलेल्या अणूंची) वस्तुमानं दिलेली, त्यांची टक्केवारी दिलेली, सरासरी अणुवस्तुमान काढा. दोन गुणाकार आणि एक बेरीज, एवढंच काम. तरीही दरवर्षी नव्या तुकडीत तेच बिघाड त्याच जागी सापडतात. शिकवणीत ही गणितं इतकी तपासून झाली आहेत की आता मी पोरांची पायरी न पायरी वाचत बसत नाही, शेवटचं उत्तर बघतो. इथल्या चुका मोजक्या आहेत आणि प्रत्येक चुकीतून एक ठरावीक आकडा बाहेर पडतो. आकडा ओळखीचा झाला की बिघाडही लगेच सापडतो.

म्हणून गणित खोडून पहिल्यापासून करायला घेऊ नका. ज्या हाताने चूक झाली तोच हात पुन्हा तेच करणार. चुकलेलं उत्तर समोर ठेवा आणि खालच्या क्रमाने जा.

लक्षणं

सगळीकडे एकच गणित धरू. तांब्याची निसर्गात दोन समस्थानिकं आहेत. तांबे-६३ चं वस्तुमान ६२.९३ यू (अणूंचं वस्तुमान मोजायचं एकक), प्रमाण ६९.१५ टक्के. तांबे-६५ चं वस्तुमान ६४.९३ यू, प्रमाण ३०.८५ टक्के. बरोबर उत्तर ६३.५५. वहीत यातलं काय आलंय ते बघा:

– ६३५४.७ : गुणाकार बरोबर, बेरीजही बरोबर. टक्क्यांना शंभराने भागायचं राहिलं.
– १२७.८६ : दोन वस्तुमानांची नुसती बेरीज. प्रश्न अर्धाच वाचला.
– ३१.७७ : सगळं नीट करून शेवटी परत दोनाने भागलं. ‘जितके आकडे तितक्याने भागायचं’ ही शाळेतली सवय.
– ६४.३१ : टक्केवारीची अदलाबदल. हलक्याचे टक्के जडाला गेले, जडाचे हलक्याला.
– ६३.९३ : टक्केवारीकडे बघितलंच नाही, साधी सरासरी काढली.
– ६४.१८ : टक्केवारी आधीच गोल केली. एकीचे ०.७ धरले, दुसरीचे ०.३१.
– ६३.६२ : वस्तुमानाच्या जागी अणुवस्तुमानांक, म्हणजे ६३ आणि ६५, वापरले.
– ६४ : उत्तर नीट काढलं आणि मग ‘अणूचं वस्तुमान पूर्णांकात हवं’ म्हणून गोल केलं.

यादी वरून खाली वाचली तर एक गंमत दिसते. आकडा जितका भयंकर, तितका बिघाड किरकोळ. ६३५४.७ लिहिणाऱ्याला कल्पना कळलेली असते, त्याचं फक्त दशांशचिन्ह घसरलेलं असतं. ६३.६२ किंवा ६४ लिहिणाऱ्याचं उत्तर जवळपास बरोबर दिसतं, बहुपर्यायी प्रश्नात तो चुकून सुटूनही जातो, पण त्याची समजूत मुळात कुठेतरी अडलेली असते. पालक नेमके पहिल्यावर रागावतात आणि दुसऱ्याला शाबासकी देतात.

शिवाय काही लक्षणं आकड्यात दिसतच नाहीत. उत्तर दर वेळी बरोबर येतं, पण ‘क्लोरीनच्या अणूत न्यूट्रॉन किती?’ विचारलं की ३५.५ मधून प्रोटॉनचे १७ वजा करून मुलगा शांतपणे ‘साडेअठरा’ सांगतो. किंवा सरळ गणित येतं आणि उलटं, म्हणजे सरासरी देऊन टक्केवारी विचारणारं, आलं की पेन थांबतं. यांच्याकडे शेवटी येऊ, कारण त्यांना वेळ लागतो.

फुकटातल्या तपासण्या

पहिली तपासणी: उत्तर दोघांच्या मध्ये आहे का? सरासरी कधीही सर्वांत हलक्या समस्थानिकाच्या खाली किंवा सर्वांत जडाच्या वर जाऊ शकत नाही. तांब्याचं उत्तर ६२.९३ आणि ६४.९३ यांच्यामध्येच हवं. ६३५४.७, १२७.८६ आणि ३१.७७ इथेच बाद होतात. पेनही उचलावं लागत नाही, म्हणून ही पहिली. प्रश्नात टक्क्यांऐवजी ०.६९१५ असे अपूर्णांक दिले असले आणि सवयीने पुन्हा शंभराने भागलं तर ०.६४ येतं, तेही इथेच अडकतं. नीट किंवा सीईटीत चारांपैकी एखाद-दुसरा पर्याय या एका नजरेत गळतो, आणि तिथे कॅल्क्युलेटर नसल्यामुळे ही नजर जास्तच कामाची.

दुसरी तपासणी: उत्तर कोणाच्या बाजूला झुकलंय? दोन वस्तुमानांचा मध्य काढा. तांब्यासाठी तो ६३.९३. हलक्याचं प्रमाण ६९ टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त. मग उत्तर मध्याच्या खालीच हवं. ६४.३१ वर गेलं, म्हणजे टक्के उलटे लागले. उत्तर बरोबर मध्यावर, ६३.९३ आलं, तर टक्के वापरलेच नाहीत. दोन्ही समस्थानिकं निम्मी-निम्मी असल्याशिवाय सरासरी मध्यावर बसत नाही.

इथे सराव घेणाऱ्यांसाठी एक सूचना. ही चूक पकडायची असेल तर ब्रोमीनचं उदाहरण देऊ नका. ब्रोमीन-७९ चं प्रमाण ५०.६९ टक्के आणि ब्रोमीन-८१ चं ४९.३१ टक्के. साधी सरासरी ७९.९२ येते आणि खरी ७९.९०. मुलाने टक्केवारी वापरली की नाही हे तुम्हाला कळणारच नाही. बोरॉन द्या: १०.०१ आणि ११.०१, प्रमाण १९.९ आणि ८०.१ टक्के. साधी सरासरी १०.५१, खरी १०.८१. लपायला जागा नाही.

तीन समस्थानिकं असली की मध्याची युक्ती तशीच्या तशी लागू होत नाही, पण झुकाव बघता येतोच. मॅग्नेशियम-२४ चं प्रमाण ७८.९९ टक्के आहे, २५ चं १०.०० आणि २६ चं ११.०१. उत्तर २४ ला लागून, थोडंसंच वर असणार. ते २४.३१ आहे. कोणी २५ आणलं तर त्याने तिन्हींना सारखाच मान दिलाय.

तिसरी तपासणी: टक्क्यांची बेरीज शंभर होते का? ही तपासणी मुलं सर्वांत जास्त टाळतात आणि तिच्यात निघणाऱ्या चुका सर्वांत सोप्या असतात. वरचं ६४.१८ घ्या. ०.७ आणि ०.३१ मिळून १.०१ होतात. म्हणजे एक टक्का अणू कुठूनतरी हवेतून आले. ६३.५५ चा एक टक्का साधारण ०.६४ होतो, आता ६४.१८ मधून ६३.५५ वजा करून बघा. चूक जवळजवळ तेवढीच आहे. हे एकदा मुलाच्या हातून करून घेतलं की ‘आधी गोल करू नकोस’ हे पुन्हा सांगावं लागत नाही. टक्केवारी दिली तशीच शेवटपर्यंत न्यायची आणि गोल करायचं ते फक्त अंतिम उत्तर.

बेरीज शंभराच्या खाली येत असेल तर प्रश्न परत वाचा. पुष्कळदा तिसऱ्या समस्थानिकाची टक्केवारी ‘उरलेली’ म्हणून सोडलेली असते, ती वजाबाकीने काढायची असते. निऑनमध्ये हे मुद्दाम केलं जातं, कारण निऑन-२१ चं प्रमाण जेमतेम ०.२७ टक्के आहे आणि ते गाळलं तरी उत्तर फारसं हलत नाही. मुलाला वाटतं सुटलं. गुण मात्र कापले जातात.

आकडा नक्की कुठला घेतला?

इथून पुढे वही उघडावी लागते.

एका समस्थानिकाशी तीन आकडे जोडलेले असतात: अणुअंक (म्हणजे प्रोटॉनची संख्या), अणुवस्तुमानांक आणि वस्तुमान. तांबे-६३ साठी ते २९, ६३ आणि ६२.९३. अणुअंक या गणितात लागतच नाही. तो कुणी गुणाकारात घातला असेल तर प्रश्न समजून घेण्यापासून सुरुवात करा. खरा गोंधळ उरलेल्या दोघांत आहे.

अणुवस्तुमानांक ही मोजणी आहे. प्रोटॉन किती, न्यूट्रॉन किती, त्यांची बेरीज. मोजणी पूर्णांकातच येणार. वस्तुमान हे मोजमाप आहे. ते यंत्राने ठरतं आणि पूर्णांकात येण्याचं त्याला काही बंधन नाही. त्याला एकच अपवाद, कार्बन-१२. त्याचं वस्तुमान नेमकं १२ आहे, कारण १९६१ पासून सगळं माप त्याच्यावरच बेतलेलं आहे.

हुशार मुलं इथे एक चांगला प्रश्न विचारतात, आणि तो झटकू नये. फ्लोरीनचं निसर्गात एकच समस्थानिक आहे, फ्लोरीन-१९. मग सरासरी काढायचा प्रश्नच नाही. तरी आवर्त सारणीत १८.९९८ का? बहुतेक जण म्हणतात, प्रोटॉन आणि न्यूट्रॉनचं वस्तुमान नेमकं १ नसतं म्हणून. हे अर्धंच खरं आहे. हिशेब करा: ९ प्रोटॉन प्रत्येकी १.००७२८, १० न्यूट्रॉन प्रत्येकी १.००८६६, ९ इलेक्ट्रॉन प्रत्येकी ०.०००५५. एकूण होतात १९.१५७. म्हणजे उत्तर १९ च्या वर जायला हवं होतं, गेलं खाली. मधले ०.१५९ यू केंद्रक बांधलं जाताना ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडले. अकरावीत एवढं पुरतं. पण एवढं तरी सांगावं, नाहीतर ‘दशांश आले म्हणजे समस्थानिकांची सरासरी असणार’ असा चुकीचा नियम डोक्यात बसतो आणि सोडियमच्या २२.९९० वर मुलगा नसलेली समस्थानिकं शोधत बसतो.

मग ६३.६२ ला चूक म्हणायचं की नाही? प्रश्नात काय दिलंय त्यावर. शाळेच्या पातळीवर क्लोरीनची समस्थानिकं नुसती ३५ आणि ३७ आणि प्रमाण ७५ व २५ टक्के असं दिलेलं असतं. तेव्हा अणुवस्तुमानांकच वापरायचे, दुसरं काही हातात नाही, उत्तर ३५.५ आणि ते त्या प्रश्नासाठी बरोबर. नेमके आकडे घेतले, म्हणजे ३४.९६९ आणि ३६.९६६, प्रमाण ७५.७६ आणि २४.२४ टक्के, तर ३५.४५ येतं. दोन पुस्तकांतल्या दोन उत्तरांवरून होणाऱ्या वादांचं मूळ बहुधा इतकंच असतं. प्रश्नात चार दशांश स्थळांपर्यंत वस्तुमान दिलेलं असताना कुणी ६३ घेतले तर मात्र ती चूकच.

जाता जाता: आवर्त सारणीत टेक्नेशियम, पोलोनियम, रेडॉन यांच्याखाली चौकोनी कंसात पूर्णांक दिसतो, रेडॉनला २२२. ती सरासरी नाही. या मूलद्रव्यांची सगळी समस्थानिकं किरणोत्सारी आहेत, त्यामुळे सरासरी काढावी असं ठरलेलं नैसर्गिक प्रमाण नाही. कंसात बहुधा सर्वांत जास्त टिकणाऱ्या समस्थानिकाचा अणुवस्तुमानांक देतात. या आकड्यावर टक्केवारीची गणितं बेतू नयेत.

बिघाड रसायनात की गणितात?

तीन-चार उदाहरणांनंतरही ६३.९३ किंवा ३१.७७ या जातीची उत्तरं येत राहिली तर रसायनशास्त्र बाजूला ठेवा आणि हा प्रश्न तोंडी विचारा. साठ रुपये किलोचा तीन किलो तांदूळ घेतला, ऐंशी रुपये किलोचा एक किलो, दोन्ही एकत्र केले. किलोला सरासरी काय भाव पडला?

‘पासष्ट’ असं उत्तर आलं तर गणित शाबूत आहे. फक्त टक्केवारी म्हणजे ‘किती अणू’ हे त्याला जोडता आलेलं नाही. मग शंभर अणूंची भाषा वापरा: शंभर क्लोरीन अणू घेतले, त्यांतले ७५ जण ३५ चे, २५ जण ३७ चे, सगळ्यांचं मिळून वस्तुमान ३५५०, मग एकाच्या वाट्याला किती? इथे शंभराने भागणं आपोआप येतं, आठवणीत ठेवावं लागत नाही. ६३५४.७ वाल्यांचाही हाच इलाज.

‘सत्तर’ असं उत्तर आलं तर समस्थानिकं शिकवून काही उपयोग नाही. बिघाड आधीचा आहे, तो गणिताच्या तासाचा आहे.

हाताने करण्याची रीत

बारावीच्या बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल असतं. ६२.९३ × ०.६९१५ हे हाताने करताना निम्म्या चुका गुणाकारातच होतात. त्यापेक्षा सर्वांत हलक्यापासून किती वर गेलो तेवढंच मोजा.

तांब्याच्या दोन समस्थानिकांत फरक २.०० यू. जडाचं प्रमाण ०.३०८५. गुणाकार ०.६१७. तो ६२.९३ मध्ये मिळवा: ६३.५४७. झालं.

मॅग्नेशियमलाही हेच. २३.९८५ पासून सुरू करा. २५ चं समस्थानिक १.००१ ने वर आहे, त्याचं प्रमाण ०.१०००, म्हणून ०.१००. २६ चं १.९९८ ने वर, प्रमाण ०.११०१, म्हणून ०.२२०. एकूण २४.३०५. तीन मोठे गुणाकार टळले.

ही रीत मी फक्त वेगासाठी शिकवत नाही. हिच्यात पहिल्या तीन तपासण्या आतच बसवलेल्या आहेत: सुरुवात हलक्यापासून होते म्हणून उत्तर खाली जाऊच शकत नाही, आणि तांब्यासारखं हलकं जास्त असताना टक्के उलटे लावले तर मिळवलेला आकडा फरकाच्या निम्म्याहून मोठा दिसतो आणि डोळ्यात खुपतो. काही शिक्षक पायऱ्या पूर्ण सूत्रानेच मागतात. तिथे सूत्र लिहा आणि ही रीत कच्च्या कामात पडताळ्यासाठी ठेवा.

उलटं गणित

सरासरी दिली, दोन वस्तुमानं दिली, टक्केवारी काढा. इथे मुलं ‘क्ष’ आणि ‘य’ धरतात, एक समीकरण लिहितात आणि अडकतात, कारण दुसरं समीकरण प्रश्नात छापलेलं नसतं. ते आपल्यालाच ठाऊक असायला हवं: दोन्ही मिळून एक. म्हणून दुसऱ्याला ‘य’ न म्हणता ‘१ वजा क्ष’ म्हणायचं.

वरची रीत हातात असेल तर बीजगणितही नको. सरासरी हलक्यापासून किती वर आहे, भागिले दोघांतला एकूण फरक. आलं जडाचं प्रमाण.

चांदी घ्या. सरासरी १०७.८६८, समस्थानिकं १०६.९०५ आणि १०८.९०५. सरासरी हलक्यापासून ०.९६३ ने वर, एकूण फरक २.०००. म्हणजे चांदी-१०९ चं प्रमाण ४८.१५ टक्के. प्रत्यक्षात ते ४८.१६ आहे.

आता हेच अणुवस्तुमानांक घेऊन करा: ०.८६८ भागिले २, म्हणजे ४३.४ टक्के. पाच टक्क्यांच्या आसपास फरक पडला! सरळ गणितात हीच चूक तांब्याला ०.०७ एवढीच महागात पडली होती. उलट्या गणितात आपण दोन जवळजवळच्या आकड्यांची वजाबाकी करतो. उरतो तो छोटा आकडा, आणि मूळची बारीक चूक त्याच्या मानाने मोठी होते. सरळ गणितात ६३.६२ ला ‘चालतंय की’ म्हणून सोडून दिलेला मुलगा इथे येऊन आपटतो. म्हणून तो बिघाड तिथेच दुरुस्त करावा.

तीन समस्थानिकं, एकच सरासरी, आणि एकही टक्केवारी दिलेली नाही असा प्रश्न सुटत नाही. तासभर घालवू नका. प्रश्नात कुठेतरी एखादी टक्केवारी किंवा दोघांचं गुणोत्तर दडलेलं असतं. नसेल तर प्रश्नच अपुरा आहे.

आलेखावरून वाचताना

फ्रान्सिस अॅस्टनने १९१९ मध्ये केंब्रिजला वस्तुमान वर्णपटलेखक, म्हणजे अणूंना वस्तुमानानुसार वेगळं करणारं यंत्र, बांधला आणि एकामागून एक मूलद्रव्यांची समस्थानिकं वेगळी करून दाखवली. १९२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. आजही टक्केवारी याच जातीच्या यंत्रावर काढतात आणि परीक्षेत त्याचा आलेख देतात. बिघाड एकच, पण हमखास: आलेखात सर्वांत उंच शिखराला १०० धरलेलं असतं आणि बाकीची उंची त्याच्या तुलनेत असते. क्लोरीनमध्ये ३५ चं शिखर १००, ३७ चं ३२. हे टक्के नव्हेत. यांची बेरीज १३२ आहे.

शंभराने भागलं तर ४६.८० येतं. पहिली तपासणी लगेच ओरडते. १३२ ने भागलं की ३५.४५, म्हणजे गोल केलेल्या उंचीतून जेवढं नेमकं येऊ शकतं तेवढं.

क्लोरीन वायूच्या आलेखात आणखी एक चकवा असतो. रेणूत दोन अणू, म्हणून शिखरं ७०, ७२ आणि ७४ ला दिसतात, साधारण ९:६:१ या प्रमाणात. ७१ ला काहीही नसतं. सरासरी रेणुवस्तुमान ७०.९ असूनही! ज्याला हे खटकत नाही त्याला पुढचा भाग लागणार नाही.

सर्वांत अवघड बिघाड

साडेअठरा न्यूट्रॉन सांगणाऱ्या मुलाला निदान आपलं उत्तर विचित्र आहे हे दिसतं. ब्रोमीनचं तसं नाही. सारणीत ७९.९०४, गोल केलं ८०, अणुअंक ३५, न्यूट्रॉन ४५. उत्तर पूर्णांकात, नीटनेटकं. आणि निसर्गातल्या ब्रोमीनच्या एकाही स्थिर अणूला लागू न पडणारं. तिथे ४४ न्यूट्रॉनवाले आहेत आणि ४६ वाले आहेत, जवळपास निम्मे-निम्मे. ब्रोमीन-८० प्रयोगशाळेत बनतं, पण ते किरणोत्सारी आहे आणि टिकत नाही. तांबे-६४ चंही तेच. त्याचं अर्धायुष्य पावणेतेरा तासांच्या आसपास. म्हणून लक्षणांच्या यादीतलं शेवटचं ‘६४’ मला सर्वांत जास्त काळजीचं वाटतं.

ही समजूत एका स्पष्टीकरणाने जात नाही. माझ्याकडे चालतं ते असं: मुलाला विचारायचं, ‘चांदीचा असा अणू दाखव ज्याचं वस्तुमान १०७.८७ आहे.’ तो शोधू लागतो. १०७ चा सापडतो, १०९ चा सापडतो. थोड्या वेळाने स्वतःच म्हणतो, असा अणूच नाही. मग विचारायचं, तर सारणीतला आकडा कोणाचा? उत्तर त्याच्याच तोंडून येऊ द्या: खूप अणूंच्या ढिगाचा. मोलची गणितं करताना आपण ढीगच तोलतो, म्हणून तिथे सरासरी लागते. न्यूट्रॉन मोजताना एका अणूबद्दल बोलतो, म्हणून तिथे अणुवस्तुमानांक लागतो आणि तो प्रश्नातच द्यावा लागतो. नुसतं ‘ब्रोमीनमध्ये न्यूट्रॉन किती’ हा प्रश्नच अर्धवट आहे. दुर्दैवाने तो विचारला जातो.

एक बारीक बिघाड वरच्या वर्गांसाठी: टक्केवारी अणूंच्या संख्येची आहे की वस्तुमानाची? नैसर्गिक प्रमाणाचे तक्ते अणूंच्या संख्येचे असतात. पण युरेनियमचं समृद्धीकरण वस्तुमानाच्या टक्क्यांत सांगायची पद्धत आहे. लिथियमचं मिश्रण वस्तुमानाने निम्मं-निम्मं असेल तर सरासरी ६.५२ नसून ६.४८ येते, कारण हलके अणू संख्येने जास्त भरतात. प्रश्नात ‘वस्तुमानाने’ हा शब्द दिसला की आधी प्रत्येकाचे मोल काढा.

कुठे थांबायचं आणि कोणाकडे जायचं

उत्तर पहिल्या दोन दशांशांपर्यंत जुळतंय आणि तिसऱ्यात फरक आहे: थांबा. काही बिघडलेलं नाही. आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००९ च्या तक्त्यात क्लोरीन, बोरॉन, लिथियम, कार्बन अशा दहा मूलद्रव्यांना एकच आकडा न देता पल्लाच दिला. क्लोरीनसाठी तो ३५.४४६ ते ३५.४५७. नमुना कुठला यावर तिसरा दशांश हलतो. शिशाचं तर १९१४ मध्येच टी. डब्ल्यू. रिचर्ड्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की युरेनियमच्या खनिजांतून निघालेलं शिसं नेहमीच्या शिशापेक्षा हलकं भरतं.

सूत्राने आणि फरकाच्या रीतीने, दोन्हींनी एकच उत्तर येतंय आणि पुस्तकातलं वेगळं आहे: थांबा. वही घेऊन शिक्षकांकडे जा. छापील उत्तरही चुकतं. त्या उत्तरापर्यंत पोचण्यासाठी आकडे फिरवत बसलात तर आलेली समज जाईल.

तांदळाच्या प्रश्नाला ‘सत्तर’ उत्तर आलं: रसायनशास्त्राची आणखी उदाहरणं देऊ नका. गणिताच्या शिक्षकांना भेटा आणि अपूर्णांक, टक्केवारी, भारित सरासरी हे आधी पक्कं करून घ्या. इथे जबरदस्ती केली तर मुलगा सूत्र पाठ करेल आणि पुढे मोलच्या धड्यात दुप्पट अडकेल.

महाविद्यालयात किंवा संशोधनासाठी खऱ्या यंत्राचा आलेख हातात आहे आणि टक्केवारी तक्त्यापासून दूर जातेय: वरचं काहीही उपयोगाचं नाही. शिखरं एकमेकांवर चढलेली असू शकतात, यंत्र हलक्या-जड अणूंना वेगवेगळा न्याय देत असू शकतं, शोधक संपृक्त झालेला असू शकतो. यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञालाच विचारा; प्रमाणित नमुना लावून पडताळणं हे त्याचं काम आहे.

आणि लिथियमचं संयुग तोलून नेमकं काही करायचं असेल तर भिंतीवरच्या आवर्त सारणीतला ६.९४ डोळे मिटून घेऊ नका. अण्वस्त्र कार्यक्रमांसाठी लिथियम-६ काढून घेतल्यावर उरलेलं लिथियम बाजारात आलेलं आहे, त्याची सरासरी ७ च्या जवळ सरकलेली असू शकते. बाटलीवरचं लेबल वाचा, तिथे आकडा नसेल तर पुरवठादाराकडून त्या मालाचं प्रमाणपत्र मागवा.